आकाशवाणीस उलट प्रश्न

देवकी-वसुदेवांच्या वरातीचा रथ कंस स्वतः हाकीत होता आणि त्याच वेळी आकाशातून शब्द उमटले, हा भागवतातील प्रसंग ज्या घरांत अजून जन्माष्टमी साजरी होते त्या घरांतील मुलांना नवा नाही. हिचा आठवा पुत्र तुझा काळ ठरेल, एवढेच सांगून तो आवाज थांबला. कंसाने तलवार उपसली, वसुदेवाने विनवण्या केल्या, पुढे कारागृह आले. परंतु त्या आवाजाला कोणीही उलट प्रश्न केला नाही. करण्याची सोयच नव्हती. पुराणांतील आकाशवाणी अशीच असते. ती वरून येते, सर्वांना ऐकू येते, आणि बोलणाऱ्याचा पत्ता कोणालाही ठाऊक नसतो.

विसाव्या शतकात ह्याच शब्दाला नवा अर्थ लाभला. म्हैसूर येथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ च्या सुमारास स्वतःच्या घरी एक लहानसे ध्वनिक्षेपण केंद्र चालविले व त्यास ‘आकाशवाणी’ हे नाव दिले. पुढे अखिल भारतीय नभोवाणीने तेच नाव आपलेसे केले. नाव सुंदर खरे. पण त्यात नकळत एक कबुलीही होती. नभोवाणीच्या पहिल्या काही दशकांचे वर्णन करावयाचे तर कंसाच्या रथावरील त्या प्रसंगाहून अधिक नेमके वर्णन सापडणे कठीण. सरकार बोले, प्रजा ऐके. प्रजेला काही विचारावयाचे असल्यास तिने ते आपल्या मनाशी विचारावे.

एकमार्गी आवाजाला काही किंमतच नसते, असे मात्र कोणी समजू नये. मॉरिशस बेटावरील जुन्या पिढीला हे सांगावयास नको. फेब्रुवारी १९६० च्या अखेरीस ‘कॅरोल’ वादळाने बेटाची दाणादाण उडविली, आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये ‘जर्वेज’ने तीच कथा पुन्हा घडविली. अशा रात्री वीज गेलेली, दारे-खिडक्या आतून ठोकलेल्या, छपराचा पत्रा उडतो की राहतो ह्याची चिंता, आणि घराच्या मध्यभागी कोरड्या बॅटरीवर चालणारा एक रेडिओ: तो सांगतो आहे की वादळाचा डोळा कोठे आहे व इशारा कितव्या वर्गाचा आहे. त्या क्षणी कोणासही प्रश्न विचारावयाचा नसतो. ऐकणे हेच काम असते, आणि सांगणाऱ्याने खरे सांगणे हेच त्याचे कर्तव्य असते.

पण वादळ वर्षातून एखादे. उरलेल्या दिवसांत माणसाला प्रश्न पडतात. नळाला पाणी का नाही, रस्ता का खणला, निवृत्तिवेतन का अडले, ह्या प्रश्नांना वादळाचा नियम लागू पडत नाही. आणि ह्या बेटावर मजुरीसाठी आणलेल्या माणसांच्या वंशजांना तर प्रश्न विचारण्याचा अधिकार किती महाग पडला होता, हे इतिहासच सांगतो.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात आले. पुढे मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजांनी कोकणपट्टीतील, विशेषतः रत्नागिरीकडील माणसे ह्याच धक्क्यावर उतरविली. करारात मजुरी होती, मुदत होती, धान्य होते. पण तक्रार कोणाकडे करावयाची ह्याचे उत्तर व्यवहारात ‘कोणाकडेही नाही’ असेच होते. मुदत संपलेल्या जुन्या मजुरांनाही परवान्याचा कागद जवळ बाळगल्यावाचून रस्त्याने चालता येत नसे. १८७१ मध्ये अडोल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका युरोपीय गृहस्थाने ह्या लोकांच्या वतीने अर्ज लिहिला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या-निशाण्या होत्या. ह्या उद्योगाबद्दल मळेवाल्यांच्या बाजूच्या मंडळींनी त्यास मारहाण केली. १८७२ मध्ये राजाज्ञेने नेमलेले चौकशी मंडळ आले आणि त्याचा अहवाल १८७५ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ हजार माणसांनी एक प्रश्न विचारला, तोही दुसऱ्याच्या लेखणीने व दुसऱ्याच्या भाषेत. त्याचे उत्तर हाती येण्यास चार वर्षे लागली.

आपापसात बोलण्याची जागा मात्र ह्या लोकांनी स्वतः निर्माण केली होती. तिचे नाव बैठका. गवताने शाकारलेली एखादी खोली, संध्याकाळचा दिवा, अक्षरओळख, पोथीवाचन, आणि पोथी मिटल्यावर गावातील भांडणतंटे. कोर्टाची पायरी न चढता कित्येक वाद तेथेच मिटत. ह्या बैठकांचे सामर्थ्य १९४८ च्या निवडणुकीत दिसून आले. नव्या घटनेने बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी एखादी साधारण लिहिता-वाचता येणाऱ्यास मताधिकार दिला, तेव्हा वासुदेव विष्णुदयाळ यांच्या जनआंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी बैठकाबैठकांतून प्रौढांना लिहिण्या-वाचण्यास व सही करण्यास शिकविले. मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून ७० हजारांच्या पुढे गेली. अक्षर आले, मत आले. आवाज मात्र अजून गावाबाहेर जात नव्हता.

नभोवाणी स्वातंत्र्यापूर्वी सरकारी व्यवस्थेखाली होती. ८ जून १९६४ रोजी मॉरिशस ध्वनिक्षेपण महामंडळाची स्थापना झाली, आणि १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. महामंडळाने बेटावरील अनेक भाषांना आपल्या वेळापत्रकात स्थान दिले. हिंदी, भोजपुरी, तमिळ, तेलुगू, उर्दू, चिनी ह्यांच्याबरोबर मराठीलाही दिले. ह्या गोष्टीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या बेटावर पूर्वजांची भाषा शाळेबाहेर फारशी कानी पडत नाही, तेथे राष्ट्राच्या अधिकृत आवाजातून मराठी शब्द ऐकू येणे ही मान्यताच होती. परंतु ती मान्यता कशा प्रकारची, ह्याचा विचार पुढे करणे भाग आहे. महामंडळाबद्दल एक तक्रार मात्र पहिल्यापासून चालत आलेली आहे: सत्तेवर कोणताही पक्ष असो, विरोधात बसलेल्या पक्षाला महामंडळ पक्षपाती वाटते, आणि पक्ष बदलले की तक्रार करणारेही बदलतात. आकाशवाणीचा पत्ता कोणालाही ठाऊक नसतो, असे वर म्हटले आहे. येथे तो सर्वांना ठाऊक होता, एवढाच फरक.

सन २००० मध्ये स्वतंत्र ध्वनिक्षेपण नियामक मंडळाचा कायदा झाला आणि २००२ मध्ये खाजगी नभोवाणी केंद्रांचा आवाज बेटावर प्रथमच ऐकू येऊ लागला. त्यानंतर जे घडले, ते बैठकेच्या इतिहासातील नवे प्रकरण म्हणावे लागेल. ‘रेडिओ प्लस’ ह्या केंद्राच्या एका कार्यक्रमाचे नाव ‘एक्सप्लिक उ का’ असे आहे. क्रेओलमधील ह्या तीन शब्दांचा अर्थ ‘तुमची तक्रार सांगा’ असा करता येईल. मराठी न्यायसभेत ‘तुमचे म्हणणे मांडा’ असे म्हटले जाई, त्याच धर्तीचे हे बोल. कोणी बाई दूरध्वनीवरून सांगते की तिच्या घरापुढील गटार तुंबले आहे व अर्ज देऊनही कोणी फिरकले नाही. निवेदक तिचे ऐकून घेतो, संबंधित कचेरीशी संपर्क साधतो, आणि अधिकारी सापडला तर त्याचे उत्तर सर्व बेटासमक्ष घेतो. सापडला नाही तर तेही सर्व बेटासमक्ष घडते. १८७१ च्या त्या अर्जाला चार वर्षे लागली होती. ह्या अर्जाला काही मिनिटे लागतात.

ह्या संभाषणाचे सारेच कौतुकास्पद आहे असे नाही. तुंबलेले गटार उपसले जाते, पण गटारे का तुंबतात हा प्रश्न त्या गडबडीत मागे पडतो. जो दूरध्वनीपर्यंत पोहोचला त्याचे काम होते. त्याच गल्लीतील अबोल शेजाऱ्याचे होत नाही. शिवाय आरोप वाऱ्याच्या वेगाने जातो व खुलासा पायी चालतो. तरीदेखील अधिकाऱ्याला साध्या माणसाच्या प्रश्नाचे उत्तर नावागावासह द्यावे लागते, ही सवय एकदा समाजास लागली की ती मोडणे सोपे नसते. नियम करणाऱ्यांनाही ह्या सवयीचे वजन ठाऊक असावे. २०२१ मध्ये नियामक मंडळाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन केंद्रांच्या परवान्याची मुदत तीन वर्षांवरून एक वर्षावर आणण्यात आली, तेव्हा पत्रकारांनी केलेल्या विरोधाचे कारण सांगण्यासाठी फारशा शब्दांची गरज नव्हती. दरवर्षी ज्याला परवान्यासाठी दार ठोठवावे लागते, तो त्याच दारातून बाहेर येऊन मोठ्याने बोलण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांतून पाण्याचे लोंढे वाहिले व मोटारी त्यांबरोबर वाहून गेल्या. हवामानखात्याचा इशारा पुरेसा आणि वेळेवर होता काय, ह्यावर एवढा गदारोळ झाला की खात्याच्या संचालकाने राजीनामा दिला. ‘कॅरोल’च्या रात्री रेडिओ ऐकणारी पिढी आणि ही पिढी यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते. आजोबांनी इशारा ऐकला. नातवाने इशाऱ्याला जाब विचारला.

आता ह्या सर्व कथेत मराठीचे स्थान कोठे, ह्या नाजूक मुद्द्याकडे वळावयास हरकत नाही. बेटावरील सार्वजनिक वादविवाद क्रेओलमध्ये चालतो, आणि ते स्वाभाविकही आहे. २०११ च्या शिरगणतीत सुमारे ८४ टक्के लोकांनी घरची भाषा म्हणून क्रेओल सांगितली. २०२२ मध्ये हे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांवर गेले. मराठी घरेही ह्याला अपवाद नाहीत. क्रेओल ही परकी भाषा नव्हे. उसाच्या फडात, गोदीत, बाजारात सर्व जातिधर्मांच्या माणसांनी मिळून ती वापरात रुळविली, आणि तक्रार मांडण्यास ती उत्तम आहे. तिच्याविरुद्ध ओरड करणे हा शहाणपणा नव्हे.

परंतु पूर्वजांच्या भाषांच्या वाट्यास नभोवाणीवर जे आले, त्याची यादी केली तर मनात शंका उभी राहते. भजन, सणाची माहिती, चित्रपटगीत, बातम्या, शुभेच्छा. गणेशचतुर्थीस मराठी हमखास ऐकू येते. पाण्याच्या टंचाईवर, उसाच्या भावावर, मुलांच्या व्यसनांवर दोन माणसे मराठीत वाद घालीत आहेत, असे चित्र क्वचित. भाषेला देव्हाऱ्यात बसविले, ओसरीवर येऊ दिले नाही. देव्हाऱ्यातील वस्तूची पूजा होते, तिला रोज कोणी हात लावीत नाही, आणि ज्या शब्दांना रोज हात लागत नाही ते शब्द गंजतात. बातमीपत्रानेही हे काम होत नाही. कारण बातमी ऐकली जाते, तिला उत्तर दिले जात नाही.

मराठी ही वादाची भाषाच नव्हे, असे म्हणावे तर बेटावरील मराठी समाजाचा स्वतःचा वारसा त्याविरुद्ध साक्ष देतो. गणपती-गौरीच्या दिवसांत येथे जी झाकरी नाचतात, ती कोकणातील जाखडीच्या कुळातील. त्या कोकणी जाखडीत शक्ती आणि तुरा असे दोन पक्ष असतात. एक पक्ष गाण्यातून कोडे घालतो, दुसऱ्याने तेथल्या तेथे गाण्यातूनच उत्तर द्यावयाचे. हरला तर साऱ्या गावासमोर. ढोलकीच्या तालावर रात्र-रात्र सवालजवाब करणाऱ्या लोकांची भाषा प्रश्नाला घाबरत नसते.

नभोवाणीवरून मराठीत सार्वजनिक प्रश्नांची चर्चा कशी होऊ शकते, ह्याचा एक उत्तम पुरावा मात्र बेटाबाहेर, पूर्वजांच्या मुलखात सापडतो. तो १९५६ मधला आहे. दुर्दैवाने महाराष्ट्रातही तो थोड्यांनाच आठवतो.

पुणे येथील नभोवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले होते. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, दहा आठवडे, ह्या केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांतून १५० गावे निवडली. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे एक श्रोतृमंडळ, त्याचा एक अध्यक्ष व एक संयोजक. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, शेतीबद्दल व गावाच्या आरोग्याबद्दल अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. तो संपला की रेडिओ बंद करावयाचा. आणि खरे काम तेथून पुढे सुरू होई. ऐकलेल्या गोष्टीवर मंडळी चर्चा करीत, पटले ते ठरवीत, न पटले ते बोलून दाखवीत. संयोजक त्याचा वृत्तान्त व उरलेले प्रश्न लिहून पुण्यास धाडी. पुढल्या एखाद्या संध्याकाळी त्याच पेटीतून त्या प्रश्नांची उत्तरे येत. असे वीस कार्यक्रम झाले, आणि १५० पैकी १४५ गावांची मंडळे प्रत्यक्षात चालली.

ही कल्पना मूळची कॅनडातील. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांच्या नभोवाणी-सभा भरत आणि त्यांचे ब्रीद चार शब्दांचे होते: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. भारतात आणताना त्यातील ‘वाचा’ हा पहिला शब्द गळून पडला, कारण मंडळात बसलेल्या पुष्कळांना वाचता येत नव्हते. ब्रीद तीन शब्दांवर आले. साक्षरतेची अट गळाल्याने बोलण्याची पात्रता वाढली, हे पुढे दिसून आले.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले व त्या कामाची सूत्रे पॉल नोयराथ ह्या समाजशास्त्रज्ञाकडे होती. हा मूळचा व्हिएन्नाचा गृहस्थ. १९३८-३९ मध्ये नात्सींच्या डाखाउ व बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत त्याने दिवस काढले होते. सुटून अमेरिकेस गेल्यावर त्या छावण्यांतील समाजजीवनावरच त्याने आपला प्रबंध लिहिला. जेथे माणसाला प्रश्न विचारण्याची बंदी होती अशा जागेचा अभ्यास केलेला माणूस, महाराष्ट्रातील खेड्यांत माणसे प्रश्न कसे विचारतात हे मोजावयास यावा, ह्या योगायोगाकडे सहज दुर्लक्ष करता येत नाही. नभोवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर, जे हिंदीतील नामांकित नाटककारही होते, यांच्यासह त्याने लिहिलेला वृत्तान्त युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला.

मोजण्याची रीत सोपी पण चलाख होती. श्रोतृमंडळे असलेल्या गावांपैकी वीस गावे घेतली. त्यांच्या तुलनेसाठी मंडळ नसलेली आणखी वीस गावे घेतली. त्यांतील दहांत रेडिओ होता आणि दहांत तोही नव्हता. प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतर लोकांच्या मुलाखती घेऊन, कार्यक्रमांतील विषयांची त्यांना किती माहिती आहे हे पाहिले. मंडळांच्या गावांत ज्ञानात ठळक वाढ झालेली आढळली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथील वाढ त्यापुढे किरकोळ ठरली. एवढ्यावरून एक गोष्ट कळते आणि ती आजच्या श्रोत्यालाही लागू आहे: फरक पेटीने पडला नव्हता. पेटी बंद झाल्यावर जे बोलणे झाले, त्याने पडला होता.

आणखी एक गोष्ट प्रयोग करणाऱ्यांच्या अपेक्षेपलीकडे गेली. ही मंडळे नुसती ऐकणारी राहिली नाहीत, गावाचे निर्णय घेणारी झाली. कोठे विहीर खणली गेली, कोठे जातिवंत वळू व लेगहॉर्न कोंबड्या विकत आणल्या गेल्या, कोठे बालवाडी निघाली. जी कामे करा म्हणून सरकारी पत्रके वर्षानुवर्षे सांगत होती, ती वीस माणसांनी एकत्र बसून स्वतःच्या तोंडाने म्हटल्यावर झाली. खेड्यातील सभेत म्हातारा बोलतो व तरुण ऐकतो, जमीनदार बोलतो व कूळ ऐकते. येथे समोर रेडिओ नावाचा तिसराच वक्ता असल्याने ती उतरंड थोडी सैल झाली. प्रयोगाचे क्षेत्र १९५९ पासून भारतभर वाढविण्यात आले. पुढे त्याचे तेज ओसरले. दहा आठवडे मन लावून चालविलेली गोष्ट आणि वर्षानुवर्षे फाइलीवर चालविलेली योजना यांत जो फरक पडतो, तो पडला.

ह्या प्रयोगात बोलणारे बहुतांशी पुरुष होते, हे उणे लपवून ठेवण्याचे कारण नाही. ते भरून येण्यास अर्धे शतक गेले. दरम्यान १९९५ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. खटला होता क्रिकेट सामन्याच्या प्रक्षेपणाचा, आणि त्यातून हक्क निघाला लोकांच्या बोलण्याचा. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना स्वतःची लहान केंद्रे चालविण्यास मुभा मिळाली आणि सातारा जिल्ह्यातील माण ह्या दुष्काळी तालुक्यात, म्हसवड येथे, २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र निघाले. ते चालविणारी संस्था मुळात खेड्यातील स्त्रियांची बँक चालविणाऱ्यांपैकी. तेथे पाण्याबद्दल, कर्जाबद्दल, बाजाराबद्दल बायका आपल्या माणदेशी बोलीत बोलतात, आणि त्या बोलीला कोणी अशुद्ध म्हणत नाही. मात्र ह्या लहान केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई ठेवण्यात आली. विहीर आटल्याचे दुःख सांगता येते. कोणामुळे आटली ह्याची बातमी करता येत नाही. असो.

पुण्याचा हा अनुभव मॉरिशसमधील मराठी समाजाला जसाच्या तसा उचलता येणार नाही, हे उघड आहे. येथे खेडी एकभाषी नाहीत, शेतकरी थोडे उरले आहेत, आणि नातवंडांना मराठी शाळेतील परीक्षेपुरती येते. पण बोलण्यासारखे विषय नाहीत, असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. साखरधंदा आवरता घेताना २००१ पासून मजुरांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली आणि पैशांबरोबर जमिनीचा तुकडाही देऊ केला गेला. त्या तुकड्याचे पुढे काय झाले, त्यावर घर उभे राहिले की तो विकला गेला, ह्याची चर्चा ज्या घरांत आजी-आजोबा फडात राबले त्या घरांना नको असेल काय? जून २०२५ च्या अर्थसंकल्पात मूलभूत निवृत्तिवेतनाचे वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ वर नेण्याची घोषणा झाली, आणि बेटभर वाद पेटला. त्या वादात साठीला टेकलेल्या बायका होत्या, त्यांचा भार वाहणारे तरुण होते. दोघांची बाजू खरी होती. अशा वादाला मराठी शब्द सापडतात की नाहीत, ही भाषेची खरी परीक्षा. गणपतीच्या आरतीत ती होत नाही.

मराठी मंडळ्यांकडे सभागृहे आहेत, मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेतून मराठी शिकून बाहेर पडलेले शिक्षक आहेत, आणि आता अर्ध्या तासाचे बोलणे ध्वनिमुद्रित करण्यास खिशातील दूरध्वनी पुरतो. पुण्याच्या पद्धतीला ह्याहून अधिक सामग्री लागली नव्हती. उलट तेव्हा पत्र पुण्यास पोहोचण्यास दिवस लागत. महिन्यातून एक संध्याकाळ, एकच विषय, वीस माणसे, त्यांत निम्म्या स्त्रिया. चर्चा मराठीत सुरू व्हावी; जेथे शब्द अडेल तेथे क्रेओल शब्द खुशाल यावा, कारण अडलेल्या शब्दापायी अडलेला माणूस हे अधिक मोठे नुकसान. ‘एक्सप्लिक उ का’ म्हणणाऱ्या बाईला कोणी व्याकरण विचारीत नाही. मराठीत बोलू पाहणाऱ्या मुलाला मात्र पहिल्याच वाक्यात विभक्तीवरून टोकणारा एखादा वडीलधारा हमखास असतो, आणि तो मुलगा पुन्हा तोंड उघडीत नाही.

संयोजकाने शेवटी उरलेले प्रश्न कागदावर उतरवावे: निवृत्तिवेतनाचे, पाण्याचे, जमिनीच्या तुकड्याचे. ते महामंडळाच्या मराठी विभागाकडे, खाजगी केंद्रांकडे आणि संबंधित खात्याकडे, तिन्हीकडे जावेत. खात्याचे उत्तर इंग्रजीत येईल, केंद्राचे क्रेओलमध्ये. पुढल्या महिन्याच्या संध्याकाळी ते मराठीत वाचून दाखवावयाचे, आणि ज्या बाईने प्रश्न विचारला होता तिला सर्वांसमक्ष विचारावयाचे, की हे उत्तर तिला पुरेसे वाटते काय.